रासायनिक सूत्रं पाठांतरानं नव्हे, हिशोबानं येतात; मिठापासून अल्युमिनापर्यंत नियम एकच

बेळगाव : दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेली मुलं पीयू कॉलेजात गेली की पहिले काही आठवडे शब्दांशीच झगडतात. ‘संयुजे’ची ‘व्हॅलन्सी’ होते, ‘मूलका’चं ‘रॅडिकल’ होतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या मुलांना तीच संयुजा हिंदीत ‘संयोजकता’ म्हणून भेटते. रासायनिक सूत्र मात्र कुठल्याही माध्यमात तेच राहतं. ते तयार कसं होतं हे नववी-दहावीतच समजलं, तर माध्यम बदलताना रसायनशास्त्राची निम्मी धास्ती कमी होते. अडचण एवढीच, की बरीच मुलं सूत्रं नुसती पाठ करतात आणि परीक्षेत एका आकड्यानं मार्क घालवतात.

देणारा आणि घेणारा

रोजच्या मिठापासून सुरुवात करता येईल. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात, मांडणी २, ८, १. क्लोरिनमध्ये १७, मांडणी २, ८, ७. सर्वांत बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन झाले की हे अणू स्थिरावतात. सोडिअमला सात मिळवण्यापेक्षा एक देऊन टाकणं सोपं, आणि क्लोरिनला नेमका एकच कमी. सोडिअम देतो, क्लोरिन घेतो.

इथेच मुलांचा पहिला गोंधळ होतो. दिल्यावर वजा व्हायला हवं, मग सोडिअमवर अधिक प्रभार कसा? कारण जे दिलं, तेच ऋण आहे. डोक्यावरचं कर्ज उतरलं की माणूस जमेच्या बाजूला येतो, तसंच हे. सोडिअमच्या केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत तसेच राहतात, इलेक्ट्रॉन उरतात १०. म्हणून प्रभार अधिक १. क्लोरिनकडे १७ प्रोटॉन आणि १८ इलेक्ट्रॉन, म्हणून उणे १. अशा प्रभारित कणाला आयन म्हणतात. विरुद्ध प्रभारांचे आयन एकमेकांना ओढून धरतात आणि आयनिक संयुग तयार होतं.

शेवटी बाकी शून्य

सूत्र लिहिण्याचा नियम एकच : अधिक आणि उणे प्रभारांची बेरीज शून्य आली पाहिजे. (इथे सूत्रांतली अक्षरं देवनागरीत दिली आहेत. वहीत ती रोमन अक्षरांत लिहायची आणि आकडा अक्षराच्या उजवीकडे, खाली, लहान काढायचा.)

सोडिअम अधिक १, क्लोराइड उणे १. हिशोब एकास एक जुळला, सूत्र एनए-सीएल. मॅग्नेशिअम दोन इलेक्ट्रॉन देतो, पण एक क्लोरिन एकच घेतो. म्हणून दोन क्लोरिन लागतात : एमजी-सीएल-२.

ॲल्युमिनिअम अधिक ३ आणि ऑक्साइड उणे २ असताना थोडा विचार करावा लागतो. तीन आणि दोनचा लसावि सहा. दोन ॲल्युमिनिअमचे अधिक ६, तीन ऑक्साइडचे उणे ६. सूत्र एएल-२-ओ-३. बेळगावकर ज्याला अजूनही ‘इंडाल’ म्हणतात, त्या कारखान्यात बॉक्साइटपासून निघणारा अल्युमिना तो हाच.

प्रभारांचे आकडे तिरपे उतरवायची युक्ती शाळेत शिकवतात. ती बरोबर आहे, पण नंतर आकड्यांना संक्षिप्त रूप द्यायला विसरू नये. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे दोनच येतात, म्हणून उत्तर एमजी-ओ एवढंच.

कंस आणि लोखंड

काही आयन अनेक अणूंचे मिळून बनतात. हायड्रॉक्साइड आणि नायट्रेट उणे १, सल्फेट आणि कार्बोनेट उणे २, फॉस्फेट उणे ३, अमोनिअम अधिक १. असा गट एकाहून जास्त वेळा आला तर कंस हवाच. भिजवलेला चुना म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड. कॅल्शिअम अधिक २, म्हणून हायड्रॉक्साइड दोन : सीए-(ओएच)-२. कंस गाळला तर फक्त हायड्रोजन दुप्पट होतो, ऑक्सिजन एकच राहतो आणि उत्तर चुकतं.

लोखंडाचे प्रभार मात्र दोन : फेरस अधिक २, फेरिक अधिक ३. गोव्याच्या खाणींतलं हेमेटाइट हे फेरिक ऑक्साइड, एफई-२-ओ-३. प्रश्नात फेरस आहे की फेरिक, हे वाचल्याशिवाय पेन उचलू नये.

सगळंच आयनिक नसतं

खताच्या दुकानात पोटॅश आणि युरियाची पोती शेजारी असतात. पोटॅश, म्हणजे पोटॅशिअम क्लोराइड, आयनिक आहे, युरिया नाही. साखरही नाही. तिथे इलेक्ट्रॉन दिले-घेतले जात नाहीत, अणू ते वाटून घेतात. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, साखरेच्या पाण्यातून वाहत नाही. हा प्रयोग शाळेत, बॅटरीच्या सेलवरच करावा. घरच्या प्लगला हात लावू नये.

आणखी एक गोष्ट. मिठाच्या खड्यात सोडिअम-क्लोरिनच्या सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी रचना सगळीकडे पसरलेली असते. सूत्र फक्त त्यांचं प्रमाण सांगतं. ही पकड इतकी घट्ट, की मीठ वितळायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागतं.

पाठ काय करायचं?

नेहमी लागणारे पंधरा-वीस आयन आणि त्यांचे प्रभार, एवढंच. तेवढ्यावर शेकडो सूत्रं तयार करता येतात.

सरावासाठी दोन : अमोनिअम सल्फेट आणि कॅल्शिअम फॉस्फेट. आधी वहीत सोडवावं, मग पडताळावं. उत्तरं : (एनएच-४)-२-एसओ-४ आणि सीए-३-(पीओ-४)-२. दुसऱ्यात अधिक ६ आणि उणे ६, बाकी शून्य.