तर्रीचा रंग आणि तिखटाचा जोर

पुण्यातील मिसळीच्या उपाहारगृहात प्रथमच आलेल्या पाहुण्याला वाढपी जेव्हा ‘तिखट, मध्यम की कमी?’ असे विचारतो, तेव्हा तो पाहुणा उत्तर देतो खरे. परंतु ते उत्तर बहुधा शेजारच्या मेजावरील रश्श्याचा रंग पाहून, किंवा सोबतच्या मंडळींत आपली पत राहावी या हेतूने दिलेले असते, आणि मग चार घासांतच नाकाडोळ्यांना धारा लागून निम्मी मिसळ तशीच टाकून उठावे लागते. चांगल्या अन्नाची आणि भुकेल्या माणसाची ही अशी फारकत मला नेहमीच खटकत आली आहे. कारण तिच्या मुळाशी जिभेचा दुबळेपणा नसून काही पक्के रुजलेले गैरसमज आहेत.

त्यांतला सर्वांत हट्टी गैरसमज रंगाचा. जितका रस्सा लाल तितका तो तिखट, असे बेलाशक मानले जाते. वस्तुस्थिती अशी की मिरचीचा तिखटपणा कॅप्सेसिन नामक द्रव्यात असतो, तर तिचा तांबडा रंग कॅरोटिनॉइड वर्गातील निराळ्या द्रव्यांमुळे येतो, आणि या दोहोंचे प्रमाण जातीजातीत स्वतंत्रपणे बदलते. कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याची ब्याडगी मिरची रंगाने गडद, परंतु तिखटाने सौम्य. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने 1912 साली सुचविलेल्या मापाने ती साधारण 8 ते 15 हजारांच्या घरात भरते, तर ईशान्येकडील भूत जोलोकिया त्याच मापाने 10 लाखांच्या पुढे जाते. सबब नुसत्या ब्याडगीची लालभडक तर्री, म्हणजे रश्श्यावरचा तेलाचा तवंग, लहान मुलाच्याही पचनी पडेल, आणि उलटपक्षी, फडके हौदाजवळच्या वैद्य उपाहारगृहातल्यासारखा हिरवट रस्सा केवळ तांबडा नाही म्हणून सौम्य समजणे धोक्याचे ठरेल. हिरव्या मिरचीचा तिखटपणा रंगाची वर्दी न देता येतो.

तरीही तर्रीचे महत्त्व कमी होत नाही. कॅप्सेसिन आणि तांबडा रंग ही दोन्ही द्रव्ये तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. म्हणून मसाला तेलावर परतला की ती तेलात उतरतात आणि तेल वर तरंगू लागले की त्याच्याबरोबर वर येतात. पातेल्याच्या तोंडाशी डाव फिरवून वरवरचे घेतले तर वाटीत तिखट उतरते. तोच डाव तळाशी नेला तर रस्सा येतो, तिखट फार थोडे येते. पुष्कळ ठिकाणी पातेले एकच असते आणि ‘तिखट’ व ‘मध्यम’ यांतला सारा भेद या डावाच्या खोलीत असतो. गिऱ्हाइकाने हे जाणून ‘मध्यम’ या मोघम शब्दाऐवजी ‘तर्री कमी घाला, सॅम्पल (म्हणजे रस्सा) वेगळे द्या’ असे स्पष्ट सांगितले, तर स्वयंपाकघराला त्याचा नेमका अर्थ लागतो, आणि फरसाणावर किती ओतायचे याचा मुखत्यार गिऱ्हाईक स्वतः राहतो.

‘मध्यम’ म्हणजे सर्वत्र सारखेच, हा दुसरा गैरसमज याच ओघात निकाली निघतो. या शब्दाला कोणत्याही सरकारी दप्तरी प्रमाण ठरवून दिलेले नाही. ज्या त्या घराचा दस्तूर वेगळा. पुणेरी मिसळ म्हणजे गोडसर, असे परगावचे लोक म्हणतात ते नारायण पेठेतील बेडेकरांच्या मिसळीपुरते मानता येईल. परंतु एरंडवण्यातील काटाकिर्रचा झणझणीत, कोल्हापुरी वळणाचा रस्साही याच शहरात मिळतो. एकीचे ‘तिखट’ दुसरीच्या ‘कमी’पाशी जाऊन थांबेल.

पंजाबी पद्धतीच्या भाज्यांची गोष्ट आणखी निराळी. तेथे कांदा-टोमॅटोची, काजूची अशा मूळ ग्रेव्ही आधीच तयार असतात आणि तिखट मागाहून, भाजी परतताना पडते. म्हणून ‘व्हेज कोल्हापुरी’ सौम्य हवी असल्यास ती ताकीद हुकूम देतानाच द्यावी, भाजी पुढ्यात आल्यावर नव्हे.

तिखटपणाचा बियांवर घेतला जाणारा आळही अर्धवट खरा आहे. कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. बियांना ते लागते एवढेच. मिरची सौम्य करायची तर गाभाही काढावा लागतो.

यापेक्षा कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट उष्णतेची. तिखट ही चव नसून दाहाची संवेदना आहे. कॅप्सेसिन चेतापेशींवरील ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवते, तोच ग्राहक सुमारे 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चेतवला जातो. 1997 साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो ओळखला आणि पुढे 2021 च्या नोबेल पारितोषिकात त्या शोधाचा गौरव झाला. उकळत्या रश्श्याचा पहिला घास म्हणूनच दुप्पट झोंबल्यासारखा वाटतो, आणि तोच रस्सा थोडा निवला की सोसतो. रस्सा कडकडीतच खाल्ला पाहिजे असा काही जाबता नाही.

तोंड पोळल्यावर पाण्याचा पेला रिता करणे हा तर सार्वत्रिक उपाय, आणि तो व्यर्थ. पाण्याने कॅप्सेसिन धुतले जात नाही, केवळ तोंडभर पसरते, आणि गार पाण्याचा दिलासा क्षणिक असतो. दुधातील केसीन हे प्रथिन त्याला बांधून घेते. ते ताकात व दह्यातही असते. म्हणून मिसळीबरोबर दह्याची वाटी आधीच मागवावी, आणि ताक शेवटी पिण्यासाठी राखून न ठेवता दोन घासांच्या मध्ये घ्यावे.