परतीची वाट चुकलेला सल्ला : दोन नेटवर्क कार्डे असलेल्या सर्व्हरचे निदान

केसाळ अळीच्या नियंत्रणात वेळेला फार महत्त्व असते. अंड्यांतून बाहेर पडलेल्या लहान अळ्या सुरुवातीला समूहाने राहून पानांचे हरितद्रव्य खरवडून खातात. अशी जाळीदार पाने अळ्यांसह तोडून नष्ट केली की बरेच काम भागते. त्या मोठ्या होऊन शेतभर पांगल्या की नियंत्रण अवघड व खर्चिक होते. म्हणून निरीक्षण पोहोचणे आणि सल्ला मिळणे यांत विलंब परवडत नाही. कोलकात्यात तागावरील किडींच्या सर्वेक्षणात असताना असा विलंब आमच्या वाट्याला आला. त्याचे कारण शेतात नव्हते, सर्व्हरच्या खोलीत होते.

लक्षणे

सर्वेक्षणाच्या सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे होती. पहिले कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्याला जोडलेले, तर दुसरे नव्या स्वतंत्र इंटरनेट जोडणीला. दुसरे कार्ड बसविल्यानंतर कार्यालयातील संगणकांवर सर्व सुरळीत होते. शेतातून मोबाइलवर मात्र नोंदणीचे पान उघडेना. सर्व्हर तीन वेळा बंद करून सुरू केला. कीड न ओळखता फवारणी करावी, तसाच हा प्रकार होता.

रोगाचे मूळ

मुंगी गंधाच्या माग काढत आल्या वाटेने वारुळाकडे परतते. सर्व्हरचे तसे नसते. विनंती कोणत्या कार्डातून आली, हे तो सहसा विचारात घेत नाही. उत्तर कोणाला पाठवायचे तो पत्ता पाहतो, आपल्या मार्गतक्त्यात त्याची वाट शोधतो आणि वेगळी नोंद न सापडल्यास ठरलेल्या मुख्य गेटवेकडे उत्तर सोपवितो.

कोलकात्याचेच उदाहरण घेऊ. शहराला हावडा व सियालदह अशी दोन मोठी रेल्वे स्थानके आहेत. पाहुणा सियालदहला उतरला आणि आपण त्याला निरोप द्यायला हावड्याला नेले, तर तिथल्या गाडीसाठी त्याच्याजवळचे परतीचे तिकीट चालणार नाही. आमच्याकडे हेच घडत होते. विनंती दुसऱ्या कार्डातून येई. मुख्य गेटवे पहिल्या कार्डाकडे असल्याने उत्तर कार्यालयाच्या जाळ्यातून निघे. तिथल्या फायरवॉलने संवादाची सुरुवातच पाहिलेली नसल्याने ती ते उत्तर अडवी. या दोषाला असममित मार्गक्रमण म्हणतात.

निदानाचा क्रम

१. 'आयपी ॲड्रेस' ही आज्ञा देऊन कोणत्या कार्डाला कोणता पत्ता आहे, ते लिहून काढावे. दोन्ही पत्ते शक्यतो वेगळ्या उपजाळ्यांतील असावेत.

२. 'आयपी राउट' ही आज्ञा देऊन मार्गतक्ता पाहावा. मुख्य गेटवेच्या दोन नोंदी असल्यास उत्तर भलत्याच कार्डातून जाण्याचा धोका असतो. एकच असल्यास ती कोणत्या कार्डाची, ते पाहावे.

३. 'टीसीपीडंप' वापरून दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे व बाहेरून मोबाइलवरून पान उघडावे. विनंती दुसऱ्या कार्डावर आणि उत्तर पहिल्यावर दिसले, तर निदान पक्के.

४. विनंती दिसते, पण उत्तर कोणत्याच कार्डावर दिसत नाही, असे असल्यास लिनक्समधील परतमार्ग-पडताळणी, म्हणजे 'आरपी फिल्टर', तपासावी. तिचे मूल्य १ असताना, पाठविणाऱ्याकडे परत जाण्याची वाट त्याच कार्डातून नसेल, तर आलेली विनंती टाकून दिली जाते. सर्व्हरची स्वतःची फायरवॉलही याच वेळी पाहून घ्यावी.

उपाय

साधा उपाय असा : मुख्य गेटवे फक्त इंटरनेटच्या कार्डावर ठेवावा आणि कार्यालयातील इतर उपजाळ्यांसाठी पहिल्या कार्डावरून स्वतंत्र मार्ग नोंदवावेत. दोन्ही जोडण्यांवर बाहेरच्या विनंत्या येत असतील, तर हे पुरत नाही. तेव्हा प्रत्येक कार्डासाठी वेगळा मार्गतक्ता करून, 'उत्तराचा उगमपत्ता या कार्डाचा असेल, तर याच कार्डाचा तक्ता वापर' असा नियम 'आयपी रूल'ने द्यावा. आम्ही हाच मार्ग स्वीकारला. आरपी फिल्टर पूर्ण बंद करण्याऐवजी त्याचे मूल्य २, म्हणजे शिथिल पडताळणी, ठेवणे बरे.

दोन पथ्ये पाळावीत. एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा. प्रयोगात नियंत्रण वाफा ठेवण्यामागेही हाच विचार असतो. दुसरे, तात्पुरत्या आज्ञा सर्व्हर पुन्हा सुरू होताच पुसल्या जातात. म्हणून बदल नेटवर्कच्या मांडणी-फाइलमध्ये कायम करावेत व सर्व्हर एकदा मुद्दाम पुन्हा सुरू करून खात्री करावी.

क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी

महाराष्ट्रात २००९ पासून राबविल्या जाणाऱ्या 'क्रॉपसॅप' प्रकल्पाने ऑनलाइन कीड-सर्वेक्षण आपल्या परिचयाचे केले आहे. अशा कामात "सर्व्हर बंद आहे" एवढेच कळविणे म्हणजे "पीक पिवळे पडले" एवढेच सांगणे. वेळ काय होती, मोबाइल डेटा होता की कार्यालयाचे वाय-फाय, दुसऱ्या जोडणीवरून पान उघडले का, पूर्ण अडले की अर्धे उघडले, एवढे कळवावे. आमच्याकडेही "कार्यालयात उघडते, शेतात उघडत नाही" या एका सर्वेक्षकाच्या वाक्यानेच तपासाला दिशा मिळाली. तोवर त्याने निरीक्षणे वहीत लिहून ठेवली होती, म्हणून त्या दिवसांची नोंद वाचली. ती वही यापुढेही सोबत असू द्यावी.