डाळिंबाची साल आणि गालांवरचे वांग

वर्षभर उन्हात खुरपणी-वेचणी करणाऱ्या बायांच्या गालांवर वांग उठतात. मे महिन्यात परभणीचा पारा ४० अंश सहज ओलांडतो, पण त्वचेला उष्णतेपेक्षा जास्त छळतात ते अतिनील किरण.

हे किरण पेशीत शिरले की ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं तयार होतात. ती पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचे, डीएनएचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. हाच ऑक्सिडेटिव्ह ताण. त्यामुळे ‘एनएफ-कप्पा-बी’ नावाचं प्रथिन जागं होतं, दाह पेटवणारे रेणू सुटतात, त्वचा लाल होते आणि वांगही उठतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की कोलॅजेन तुटून सुरकुत्या पडतात.

इथं फळं कामाला येतात आणि बरेचदा त्यांचा आपण फेकून देतो तोच भाग. डाळिंबाच्या सालीत प्युनिकॅलॅजिन असतं, मोसंबीच्या सालीत हेस्पेरिडिन, जांभळाच्या सालीत अँथोसायनिन. हे पदार्थ स्वतःचे इलेक्ट्रॉन देऊन त्या रूपांना शांत करतात. मला त्याहून मोलाचं वाटतं ते त्यांचं दुसरं काम: यातले काही पेशीतल्या ‘एनआरएफ-२’ प्रथिनाला चेतवतात आणि मग ग्लुटाथायोनसारखी संरक्षक द्रव्यं पेशी स्वतःच वाढवते.

हे सगळं दिसतं ते मुख्यतः प्रयोगशाळेतल्या ताटलीत. तिथं बहुधा ‘हॅकॅट’ पेशी वापरतात. एका प्रौढ माणसाच्या त्वचेपासून जर्मनीत तयार झालेला हा वाण १९८८ साली जगापुढे आला. ताटलीत सालीचा अर्क थेट पेशींवर पडतो. आपल्या अंगावर मात्र मृत पेशींचा थर पहारा देतो आणि साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू सहसा आत सोडत नाही. प्युनिकॅलॅजिन १,०८४ डाल्टनचं; जांभळातली मुख्य अँथोसायनिनं सहाशेच्या पुढची. आवळ्यातलं क जीवनसत्त्व अवघं १७६चं, पण हवा-उजेड लागला की ते टिकत नाही. त्यामुळे साल वाटून तोंडाला लावली म्हणजे अर्काचा गुण मिळालाच असं नाही.

लिंबू तर घातकच. त्यातल्या फ्युरोकुमारिन द्रव्यांवर ऊन पडलं की त्वचा भाजते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने जात नाहीत. वांग घालवायला चोळलेलं लिंबू नवे डाग देऊन जातं.

परभणीत १८ मे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे. भोवताली मोसंबीच्या बागा आहेत आणि रस काढल्यावर उरलेल्या सालींचे ढीगही. या सालींपासून अर्क काढणं अवघड नाही. तो मलमात किती टिकतो, त्वचेत किती उतरतो, हे माणसांवरच्या चाचण्यांतून मोजणं हे खरं काम आहे आणि ते मराठवाड्यातच व्हायला हवं.

तोवर जांभूळ, आवळा, डाळिंब पोटभर खा. शेतात जाताना लांब बाह्यांचा शर्ट आणि रुमाल सोडू नका. वांग वाढत असतील तर मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब परस्पर आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. अशा कित्येक ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि त्यानं त्वचा पातळ होते.