मल्टीमीटरवरचा आकडा किती खरा?

एकाच सॉकेटला एक मल्टीमीटर 229 व्होल्ट दाखवतो, दुसरा 231. लगेच एकावर ‘खराब’ असा शिक्का बसतो. पुष्कळदा दोन्ही मीटर ठणठणीत असतात. राहिलेले असते ते सोबतचे माहितीपत्रक वाचायचे.

गैरसमज 1: ‘अचूकता 1 टक्का’ म्हणजे चूक फार तर 1 टक्का.
वस्तुस्थिती: डिजिटल मीटरच्या अचूकतेचे सहसा दोन भाग असतात. उदाहरणार्थ, ±(1.0% + 3 काऊंट). टक्का धरायचा तो दिसणाऱ्या रीडिंगचा. काऊंट म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या अंकातली एक पायरी. 600.0 व्होल्टच्या रेंजवर 230.0 दिसले, तर 2.3 अधिक 0.3, म्हणजे 2.6 व्होल्ट. खरे व्होल्टेज 227.4 ते 232.6 यांच्यामध्ये कुठेही असू शकते. वरचे दोन्ही मीटर या हिशेबात बसतात.

गैरसमज 2: रेंज कोणतीही निवडली तरी चालते.
वस्तुस्थिती: छोटे माप मोठ्या रेंजवर घेतले की काऊंटचा भाग भारी पडतो. डीसीसाठी ±(0.5% + 2 काऊंट) अचूकता असलेल्या मीटरवर 1.5 व्होल्टचा सेल तपासा. 600.0 च्या रेंजवर चूक सुमारे 0.2 व्होल्टपर्यंत जाऊ शकते; नवा सेल आणि उतरत चाललेला सेल यांतला फरकही मग कळत नाही. 6.000 च्या रेंजवर हीच चूक 0.01 व्होल्टच्या आत राहते. माप मावेल अशी सर्वांत लहान रेंज निवडावी.

गैरसमज 3: जितके जास्त अंक, तितका मीटर अचूक.
वस्तुस्थिती: अंकांवरून कळते ते रेझोल्यूशन. सेकंदकाटा असलेले घड्याळही पाच मिनिटे मागे असू शकते. 12.000 व्होल्ट दाखवणाऱ्या मीटरची अचूकता 1 टक्का असेल, तर 0.12 व्होल्टची शंका उरतेच. शेवटच्या दोन अंकांवर भिस्त ठेवता येत नाही.

गैरसमज 4: छापलेली अचूकता कुठेही, कधीही लागू असते.
वस्तुस्थिती: ती बहुधा 18 ते 28 अंश सेल्सिअस तापमानासाठी आणि कॅलिब्रेशननंतरच्या एका वर्षासाठी असते. त्याबाहेर दर अंशाला मूळ चुकीच्या दहाव्या भागाची भर, असा नियम अनेक माहितीपत्रकांत असतो. मे महिन्यात नागपूरला पारा 43 वर गेला, की मर्यादेच्या वर 15 अंश झाले. त्या हिशेबाने 2.6 व्होल्टची शंका 6.5 व्होल्टवर जाते.

गैरसमज 5: एसी मोजायला कोणताही मीटर सारखाच.
वस्तुस्थिती: अनेक स्वस्त मीटर सरासरी मोजून तिला सुमारे 1.11 ने गुणतात. हे गणित फक्त शुद्ध साइन वेव्हला जुळते. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर असा मीटर सुमारे 11 टक्के जास्त दाखवतो. तिथे ट्रू आरएमएस मीटरच हवा.

मीटर घेताना किमतीआधी अचूकतेचा तक्ता पाहा. मोजमापावर कुणाची सुरक्षितता किंवा पैसा अवलंबून असेल, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेशन करून घ्या. आणि रीडिंग लिहिताना शेजारी ± किती, तेही लिहा. तेवढ्याने ते माप विश्वासाचे होते.