फणसाडचे जंगल आणि मुरूडची बाजारपेठ

मुरूडच्या बाजारात कोणत्याही दुकानदाराला विचारा, गिऱ्हाईक केव्हा येते? उत्तर एकच मिळेल, शनिवार-रविवारी. मुंबई-पुण्याची गाडी येते, काशिदच्या किनाऱ्यावर थांबते, राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहून येते आणि संध्याकाळी परत फिरते. गिऱ्हाईक एक वेळ जेवते, शहाळे पिते, संपले. मुक्काम नाही, म्हणून बाजाराला उठाव नाही.

या तक्रारीचे उत्तर गावाच्या पाठीमागेच उभे आहे, असे आम्हाला वाटते. ते म्हणजे फणसाडचे अभयारण्य. जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली सरकारने येथे अभयारण्य जाहीर केले. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले हे जंगल ७० चौरस किलोमीटरच्या आतले, म्हणजे तसे लहानच. पण त्यात बिबट्या आहे, सांबर, भेकर, रानडुक्कर आहे. पक्षी आणि फुलपाखरे तर विपुल. राज्यप्राणी शेकरू येथे उंच झाडांवर घरटे बांधतो. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो.

आता धंद्याचा हिशेब पाहा. किल्ला भर दुपारीही पाहता येतो, समुद्र संध्याकाळी. जंगल मात्र पहाटे पाहावे लागते. पहाटे सुपेगावला पोहोचायचे तर पाहुण्याने आदल्या रात्री जवळपास मुक्काम करायलाच हवा. एका रात्रीचा मुक्काम म्हणजे खोलीचे भाडे, रात्रीचे जेवण, सकाळचा नाश्ता, रिक्षाची फेरी आणि जाताना सोडे, जवळा, कोकम, रोठा सुपारी यांची खरेदी. आपल्या घरातले सांदण आणि घावन पाहुण्यापुढे ठेवले, तर तो ते मागून खाईल. भांडवल थोडे, कष्ट घरचे.

याची गरजही मोठी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पोफळ आज लावली तर सुपारी हाती येण्यास पाच-सात वर्षे जातात. ज्यांची रोजी एकाच बागेवर होती, त्यांनी ही वर्षे कशी काढली, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. एका पिकावर विसंबू नये, हा धडा वादळाने दिला आहे.

मात्र व्यापारी बांधवांनी काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. पहिले, जंगलातला माल हा आपला माल नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातले मांस, कातडे, एवढेच काय गळून पडलेले सांबरशिंगदेखील विकता येत नाही. शिंगाची मूठ बसवून देणाऱ्या कारागिराने हे ध्यानात ठेवावे. दुसरे, झाड तुटले की शेकरूची वाट तुटते, आणि शेकरू गेला की त्याला पाहायला येणाराही गेला. तिसरे, प्लास्टिक आणि कर्णे जंगलाच्या वेशीबाहेरच राहू द्यावेत. चौथे, भाव फलकावर लिहावा. एका पाहुण्याला फसवून मिळालेले पन्नास रुपये पुढची दहा गिऱ्हाइके घालवतात.

आणि वाट दाखवण्याचे काम बाहेरच्याने नव्हे, जंगलालगतच्या गावांतल्या तरुणांनीच करावे. पाणवठे, पायवाटा आणि पाखरांचे आवाज त्यांना पाठ आहेत. दुकानदाराने पाहुणा त्यांच्याकडे पाठवावा, त्यांनी पाहुण्याला दुकान दाखवावे. अशी देवाणघेवाण झाली तर दोघांची चूल पेटेल.

नवाबांनी हे रान शिकारीसाठी राखले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. आपण ते रोजीसाठी राखले, तर आपल्या मुलांपर्यंत जाईल.