छप्पर उडालं, आता दावा सिद्ध करा : नुकसानीचा आकडा नेमका कुठून येतो?

मराठीत 'दावा' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. विमा कंपनीकडे पैसे मागायचे तर दावा करतात, आणि संशोधनाच्या प्रबंधात आपण जे म्हणतो तोही दावाच असतो. दोन्हीकडे समोरचा माणूस एकच प्रश्न विचारतो : कशावरून? संशोधनाच्या तयारीत असाल तर पुरावा, मोजमाप आणि कारणमीमांसा हे तीन शब्द तुम्ही शंभर वेळा ऐकले असतील. आज ते तिन्ही एका उडालेल्या छपरावरून समजून घेऊ.

त्यासाठी गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या पायथ्याशी जाऊ. सालेकसा तालुक्यातलं हे ठिकाण. मुंबई-हावडा मार्गावरचं दरेकसा हे जवळचं स्टेशन, आणि धनेगाव हे पायथ्याचं गाव. माघ पौर्णिमेच्या सुमारास कोयापूनेमच्या यात्रेला गोंड समाजाचे भाविक महाराष्ट्रातूनच नाही, तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही इथल्या गुहेत दर्शनाला येतात. यात्रा संपते, ऊन चढतं, आणि एप्रिल-मे मध्ये या पट्ट्यात वादळी पावसाचे दिवस येतात. सकाळभर तापलेली जमीन, बंगालच्या उपसागराकडून आलेला दमटपणा, दुपारनंतर ढग, आणि मग दहा-पंधरा मिनिटांचा असा वारा की कवेलू खाली आणि टिनपत्रे शेजारच्या वावरात.

पत्रा उडतो कसा?

आधी थोडं भौतिकशास्त्र, कारण पुढचा सगळा वाद इथेच सुरू होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे 'आयएस ८७५, भाग ३' हे मानक आहे. त्यातलं मूळ सूत्र सोपं आहे : वेगाचा वर्ग गुणिले ०.६. ताशी ७२ किलोमीटर वारा म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला २४० न्यूटन, साधारण २४ किलो वजनाइतका जोर. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट, जवळजवळ ९८ किलो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन मात्र दर चौरस मीटरला जेमतेम ४ किलो असतं. म्हणजे पत्रा वजनामुळे जागेवर राहत नाही, तो खिळ्यांच्या आणि हुकांच्या भरवशावर राहतो.

आणखी एक गोष्ट. वारा छपराला फक्त दाबत नाही, वर ओढतोही. ही ओढ कडेला, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ सर्वांत जास्त असते. म्हणून वाऱ्यानं गेलेलं छप्पर बहुतेक वेळा कडेपासून सोललं जातं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकच छप्पर, दोन दारं

छप्पर गेलं की कुटुंबासमोर दोन दारं असतात. एक सरकारी मदतीचं, दुसरं विम्याचं. बाहेरून दोन्हींना लोक 'नुकसानभरपाई' म्हणतात. पण आतून ती अगदी वेगळी आहेत, आणि संशोधकानं ही गल्लत केली की पुढचं सगळं विश्लेषण चुकतं.

सरकारी दार म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. त्याचे दर केंद्र सरकार ठरवतं. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे घरांचे दर असे होते :

– पूर्ण पडलेलं घर : सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ भागात आणि एकात्मिक कृती आराखड्यातल्या जिल्ह्यांत १,३०,००० रुपये. गोंदिया आणि गडचिरोली हे महाराष्ट्रातले त्या आराखड्यातले जिल्हे.
– अंशतः पडझड, किमान १५ टक्के : पक्कं घर ६,५०० रुपये, कच्चं घर ४,००० रुपये.
– झोपडी : ८,००० रुपये.
– घराला लागून असलेला गोठा : ३,००० रुपये.

आता हे आकडे पुन्हा वाचा. अंशतः पडझडीत तुमचे पाच कवेलू गेले की पाचशे, याचा इथे प्रश्नच नाही. उंबरठा ओलांडला की ठरलेली रक्कम, नाही ओलांडला की शून्य. कारण ही भरपाई नाहीच, ही मदत आहे. तिचा हेतू माणसाला तातडीनं उभं करणं हा असतो, तोटा भरून काढणं हा नाही.

विम्याचं दार उलट चालतं. तिथे तोटा किती झाला हाच मूळ प्रश्न असतो. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं घरांसाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी लागू केली. सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ती त्याच मसुद्यात मिळते. आग, वीज, भूकंप, पूर यांच्याबरोबर वादळही तिच्यात आहे. पण ही 'नाव घेतलेल्या धोक्यांची' पॉलिसी आहे. म्हणजे नुकसान झालं एवढं पुरत नाही, ते यादीतल्या धोक्यामुळे झालं हे दिसायला हवं. जुनं झालं, गंजलं, वाळवी लागली, ही नावं त्या यादीत नाहीत.

एक जुना काटा या पॉलिसीनं काढला, तोही समजून घ्या. आधीच्या आगविम्यात 'सरासरीचं कलम' असायचं. समजा घराची किंमत ४ लाख, विमा २ लाखांचा आणि नुकसान ६०,००० रुपयांचं. विमा निम्म्याचाच म्हणून हातात यायचे ३०,०००. लोकांना वाटायचं, 'विमा तर दोन लाखांचा आहे, साठ हजार का नाही?' भारत गृह रक्षात तुम्ही घराचं चटई क्षेत्र आणि बांधकामाचा दर खरा सांगितला असेल, तर ही कपात होत नाही. म्हणजे दाव्याचा निकाल बराचसा पॉलिसी घेतानाच लागलेला असतो. गवत, बांबू, ताडपत्री यांच्या भिंती किंवा छपराला पॉलिसीत 'कच्चं बांधकाम' म्हणून वेगळी व्याख्या आहे. मातीच्या भिंती आणि वर कवेलू असं घर असेल तर ते आहे तसंच अर्जात लिहा, आणि कंपनीचं उत्तर लेखी घ्या.

वारा की माकडं?

आता कारणमीमांसेकडे येऊ. समजा (घर काल्पनिक आहे, अडचण खरी आहे) धनेगावात एक कवेलूचं घर आहे. वादळानंतर छपराला भगदाडं पडली आहेत. सर्वेक्षक येतो आणि विचारतो : हे सगळं वाऱ्यानंच झालं का?

पूर्व विदर्भात राहिलेला कुणीही या प्रश्नावर हसेल. कारण कवेलूंचा रोजचा शत्रू वारा नाही, माकडं आहेत. त्यांच्या उड्यांनी कवेलू फुटतात, सरकतात. दरवर्षी पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागते ती म्हणूनही. आणि वादळ नेमकं त्याच दिवसांत येतं, कधी शाकारणीच्या आधी तर कधी नंतर.

मग वेगळं कसं ओळखायचं? खुणांवरून. वाऱ्यानं गेलेला भाग साधारणपणे कडेपासून किंवा आढ्यापासून सलग असतो, आणि उडालेले तुकडे बहुतेक एकाच दिशेला पडतात. माकडांनी फोडलेले कवेलू इथे-तिथे विखुरलेले असतात, आणि तुकडे जागच्या जागी किंवा घरात. गारांचा मारा बहुधा वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर जास्त दिसतो. यातली एकही खूण एकटी पुरेशी नाही. पण तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवू लागल्या की दावा उभा राहतो. सोबत बाहेरचा पुरावाही लागतो : त्या दिवशी खरंच वादळ होतं का? हवामान विभागाच्या नोंदी आहेत, आणि महसूल मंडळ पातळीवर 'महावेध'ची स्वयंचलित केंद्रं आहेत. पण केंद्र एका ठिकाणी आणि घर दुसऱ्या ठिकाणी, मध्ये जंगल आणि डोंगर. वादळी वाऱ्याचा पट्टा अरुंद असू शकतो. केंद्रावर वारा कमी नोंदला गेला म्हणून गावात तो नव्हता, असं म्हणता येत नाही. 'नोंद नाही' म्हणजे 'घडलं नाही' असा अर्थ काढू नका.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं?

तुमच्यापैकी अनेकांची घरं अशाच गावांत आहेत, म्हणून हे सरळ सांगते. घरच्यांनाही वाचून दाखवा.

१. आधी माणसं आणि विजेच्या तारा. फोटो नंतर.
२. काहीही उचलण्याआधी फोटो काढा : चारही बाजूंनी, लांबून आणि जवळून, उडालेले पत्रे जिथे पडले तिथलेही. घरातलं भिजलेलं धान्य, कपडे, वह्या-पुस्तकं वेगळी.
३. ताडपत्री टाका. आणखी नुकसान होऊ न देणं ही विमाधारकाचीच जबाबदारी असते. तिची आणि मजुरीची पावती जपून ठेवा. फुटलेले कवेलू लगेच फेकू नका.
४. तलाठ्यांना (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. पोच घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा : तारीख, घराचा प्रकार, पडझडीची टक्केवारी. शक्य असेल तर प्रत मागा.
५. नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. मदतीसाठी घर अधिकृत बांधकाम असावं लागतं, आणि गावात घराची नोंद तिथेच असते.
६. विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्या. बँकेच्या गृहकर्जासोबत विमा काढलेला असतो आणि घरात कुणाला माहीत नसतं, असंही होतं. कर्जाची कागदपत्रं एकदा उघडून बघा.
७. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही.

आता संशोधक म्हणून बघा

समजा तुम्हाला तालुक्याच्या पंचनाम्यांचा तक्ता मिळाला आणि तुम्ही 'वादळाने झालेलं नुकसान' यावर लिहिणार आहात. थांबा. त्या तक्त्यात नुकसान नाही, नोंदलेलं नुकसान आहे. दोन्हींच्या मधल्या फटीत काय काय हरवतं, ते क्रमानं तपासा.

पहिला प्रश्न उंबरठ्याचा. ४०० चौरस फुटांच्या छपराचा ५६ चौरस फूट भाग उडाला तर ते छपराच्या १४ टक्के. ६० उडाला तर १५. चार चौरस फुटांचा फरक, आणि कच्च्या घराला एकीकडे शून्य, दुसरीकडे ४,००० रुपये. शिवाय १५ टक्के कशाचे? छपराचे की भिंतींसकट सगळ्या घराचे? मोजणाऱ्यानं कोणता छेद धरला यावर उत्तर बदलतं. तुमच्या आलेखात १५ च्या थोडं पुढे उंचवटा आणि थोडं अलीकडे खड्डा दिसला, तर निसर्ग असा वागला असं समजू नका. तिथे माणूस, नियम आणि फॉर्म भेटले आहेत.

दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. ते घर कच्चं की झोपडी? नियमात झोपडी म्हणजे कच्च्या घराहूनही हलकं, तात्पुरतं बांधकाम. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला ४,००० आणि झोपडीला ८,०००. म्हणजे एका शब्दानं रक्कम दुप्पट होते. हा शब्द कुणी, कशाच्या आधारे लिहिला, हे तुमच्या पद्धतीच्या प्रकरणात यायला हवं.

तिसरा प्रश्न गैरहजरांचा. वादळाचे दिवस हेच तेंदूपत्ता तोडणीचेही दिवस. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा घरचे सगळे जंगलात असतील तर? कामासाठी बाहेरगावी गेलेलं कुटुंब? नमुना ८ ला नोंदच नसलेलं घर? ही घरं तक्त्यात शून्य म्हणूनही येत नाहीत, ती येतच नाहीत. आणि ज्यांच्याकडे कागद कमी, त्यांचं नुकसान कागदावर कमी दिसतं.

चौथा प्रश्न रकमेचा. वाटप झालेल्या रुपयांना नुकसानीचं माप समजू नका. कच्च्या घराला ४,००० आणि पक्क्याला ६,५०० मिळाले, म्हणून पक्क्या घराचं नुकसान जास्त झालं, असा निष्कर्ष कुणी काढला तर त्यानं वादळ मोजलेलं नाही, सरकारी दरपत्रक मोजलं आहे. विम्याच्या आकड्यांचंही तेच. ज्या भागात पॉलिस्याच कमी, तिथे दावे कमी. त्यावरून 'इथे धोका कमी' असं कुणी लिहिलं, तर पुढचं धोरणही त्याच चुकीवर उभं राहतं.

म्हणून उपाय काय? पंचनाम्याचा तक्ता टाकून देऊ नका, तो मौल्यवान आहे. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवा : एका गावात घरोघरी जाऊन केलेली स्वतःची मोजणी, ज्यात नुकसान न झालेली घरंही असतील. मग दोन्ही याद्या जुळवा. जी घरं तुमच्या यादीत आहेत आणि सरकारी यादीत नाहीत, तिथून तुमचं संशोधन सुरू होतं.

शेवटी एक गृहपाठ. तुमच्या गावातलं किंवा वस्तीतलं कोणतंही एक छप्पर निवडा. ते कशाचं आहे, कशानं बांधलं आहे, त्याच्या १५ टक्के म्हणजे किती चौरस फूट, आणि ते उद्या उडालं तर कोणता कागद त्या कुटुंबाच्या बाजूनं बोलेल, हे एका पानात लिहा. दुसऱ्याच्या छपराबद्दल प्रबंधात काही म्हणण्याआधी हे पान लिहून झालेलं असू द्या.