318 पासांची किंमत

अमेरिकेतल्या शाळांमधून दरवर्षी साधारण 10 लाख मुलं अमेरिकन फुटबॉल खेळतात. महाविद्यालयांच्या संघांत पोचतात सुमारे 73 हजार. त्यातले 16 हजारांवर खेळाडू दरवर्षी व्यावसायिक निवडीला पात्र होतात. एप्रिलमध्ये तीन दिवस चालणाऱ्या, एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये संघ फेरीफेरीने खेळाडू निवडतात; तिथे नावं पुकारली जातात ती जेमतेम 260 जणांची. क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूची, गोष्ट तर आणखी अवघड, कारण संघ 32 आणि प्रत्येक संघाचा मैदानावरचा क्वार्टरबॅक एकच. एवढ्या मोठ्या देशात त्या कामाच्या खऱ्या जागा 32 आहेत, आणि त्यातल्याही बहुतेक आधीच भरलेल्या असतात.

ही निवड बघायला 2024 साली डेट्रॉइटमध्ये तीन दिवसांत पावणेआठ लाख लोक जमले. तिथे सामना नसतो. एक माणूस मंचावर येतो आणि कागदावरचं नाव वाचतो, एवढंच. तरीही ही गर्दी मला अजिबात वेडी वाटत नाही, कारण त्या एका नावावर एखाद्या शहराची पुढची दहा वर्षं ठरू शकतात.

क्वार्टरबॅकला चेंडू मिळाल्यापासून फेकेपर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद मिळतात. समोरून सव्वाशे-दीडशे किलोंची माणसं अंगावर धावून येत असतात. तेवढ्या वेळात त्याने बचावाची मांडणी ओळखायची, चार-पाच साथीदारांपैकी कोण मोकळा होणार हे ताडायचं आणि तो जिथे अजून पोचलेला नाही तिथे चेंडू टाकायचा. 50 यार्डांच्या फेकीत हाताची दिशा एका अंशाने जरी चुकली तरी चेंडू 80 सेंटिमीटर बाजूला पडतो. साथीदाराच्या हातात पडायचा तो प्रतिस्पर्ध्याच्या हातात जायला तेवढं अंतर पुरतं.

मग हा माणूस ओळखायचा कसा? दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसमध्ये तीनशेहून अधिक खेळाडूंना बोलावून त्यांची मापं घेतात. उंची, वजन, पंजाची रुंदी, 40 यार्डांची धाव सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. बरीच वर्षं 12 मिनिटांत 50 प्रश्नांची एक बुद्धिचाचणीही होती, ती 2022 साली बंद झाली. यातलं जवळजवळ सगळं अचूक मोजलं जातं. पण पंजाची रुंदी मोजताना अंगावर कोणी धावून येत नाही, आणि 40 यार्ड सरळ रेषेत पळण्याची वेळ क्वार्टरबॅकवर क्वचितच येते.

टॉम ब्रेडीने 2000 साली ते 40 यार्ड 5.28 सेकंदांत कापले. क्वार्टरबॅकसाठीसुद्धा हा वेळ वाईटच. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि तो 199 वा आला. पुढे 23 हंगाम, 89,214 यार्डांचे पास, सात सुपर बोल, म्हणजे लीगची सात विजेतेपदं. ही गोष्ट इतकी सांगून झाली आहे की इथेच सोडतो. एका अपवादावरून फार काही सिद्धही होत नाही. शेवटच्या फेऱ्यांत निवडलेले बहुतेक क्वार्टरबॅक कधी नियमित खेळतच नाहीत.

खरी अडचण क्वार्टरबॅकने महाविद्यालयात फेकलेल्या पासांच्या संख्येत आहे. समजा, एखाद्याची खरी कुवत शंभरातले 65 पास पोचवण्याची आहे आणि एका हंगामात तो 400 पास फेकतो. निव्वळ योगायोगानेच त्याचा आकडा वीसपैकी एकोणीस वेळा 60 ते 70 च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. म्हणजे 62 टक्केवाला आणि 67 टक्केवाला, यांच्यात श्रेष्ठ कोण हे एका हंगामावरून सांगता येत नाही. संख्याशास्त्राचा हा प्राथमिक हिशेब आहे, त्याला संघांसाठी खेळाडू हेरणारा कुठलाही स्काउट वळसा घालू शकत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत त्याच भांड्यातलं असावं लागतं. इथे तेही नसतं: एकाचे पास बलाढ्य बचावांसमोरचे, दुसऱ्याचे दुय्यम गटातल्या संघांसमोरचे.

2021 साली सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी तिसरा क्रमांक मिळवण्यासाठी स्वतःची 12 वी निवड दिली, 2022 आणि 2023 च्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. एवढं देऊन त्यांनी घेतला ट्रे लान्स. नॉर्थ डकोटा स्टेटच्या या मुलाने 2019 च्या हंगामात 28 टचडाउन पास फेकले होते आणि एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिला नव्हता. पुढच्या वर्षी करोनामुळे तो एकच सामना खेळला. संपूर्ण महाविद्यालयीन कारकिर्दीत त्याचे पास 318. त्याच्या कराराची रक्कम 3 कोटी 40 लाख डॉलरच्या आसपास होती.

एका वर्षाने त्याच संघाने ड्राफ्टमधली अगदी शेवटची, 262 वी निवड वापरून आयोवा स्टेटचा ब्रॉक पर्डी घेतला. या शेवटच्या निवडीला तिकडे ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे बिनमहत्त्वाचा, म्हणतात. पर्डीने महाविद्यालयात चार हंगाम खेळून 1,400 हून अधिक पास फेकले होते, 12 हजारांवर यार्डांचे. त्याचा चार वर्षांचा करार होता सुमारे 37 लाख डॉलरचा.

2022 च्या दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. त्या संघासाठी तो एकूण चार सामन्यांत सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला, आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला डॅलसला देऊन टाकलं. चार सामन्यांवरून त्या मुलाला नालायक ठरवणं अन्याय होईल, ते मी करणार नाही. पर्डी मात्र फेब्रुवारी 2024 मध्ये संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला आणि 2025 मध्ये त्याचा नवा करार झाला: पाच वर्षं, साडेसव्वीस कोटी डॉलर.

त्या सुपर बोलमध्ये त्यांना हरवणारा पॅट्रिक महोम्स 2017 च्या ड्राफ्टमधला 10 वा. त्या वर्षी शिकागोने किंमत मोजून तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर उडी घेतली होती ती मिचेल ट्रुबिस्कीसाठी, जो महाविद्यालयात फक्त 13 सामन्यांत सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून उतरला होता. महोम्सच्या नावावर असे 29 सामने होते. पण सामने मोजून सुटणारंही हे कोडं नाही. कॅम न्यूटनने ऑबर्नकडून एकच हंगाम खेळून 2011 चा पहिला क्रमांक मिळवला आणि 2015 साली तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

2021 च्या पहिल्या फेरीत लान्ससकट पाच क्वार्टरबॅक होते. 2024 चा हंगाम सुरू होईपर्यंत पाचपैकी चौघे मूळ संघात राहिले नव्हते.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे) यांनी ड्राफ्टचा हिशेब मांडला. एखादा खेळाडू, त्याच जागेसाठी त्याच्या लगेच नंतर निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना आढळली 52 टक्के. नाणं उडवलं तर 50 येते. स्काउटांची वर्षभराची भ्रमंती, चित्रफितींचे हजारो तास, डॉक्टरांच्या तपासण्या या सगळ्यांची दोन खेळाडूंमधला फरक ओळखण्यातली कमाई दोन टक्के. याचा अर्थ स्काउट निरुपयोगी असा नाही. पहिल्या फेरीतले खेळाडू सरासरीने पाचव्या फेरीतल्यांपेक्षा नक्कीच चांगले ठरतात. पण शेजारच्या दोन नावांत फरक करण्यासाठी संघ जी किंमत मोजतात ती या ज्ञानाच्या मानाने परवडत नाही. निवडींची अदलाबदल करताना संघ वापरत आले आहेत त्या जुन्या तक्त्यात पहिल्या निवडीला 3,000 गुण आहेत, दुसरीला 2,600 आणि 32 वीला 590. एवढा उतार 52 टक्क्यांना शोभत नाही.

म्हणून मला रॉन वुल्फ यांची रीत पटते. 1990 च्या दशकात ग्रीन बे पॅकर्सचे ते सरव्यवस्थापक होते. ब्रेट फार्वसारखा क्वार्टरबॅक हाताशी असतानाही ते मधल्या-शेवटच्या फेऱ्यांत स्वस्तातले क्वार्टरबॅक घेत राहिले: 1993 मध्ये पाचव्या फेरीत मार्क ब्रुनेल, 1998 मध्ये सहाव्या फेरीत मॅट हॅसलबेक, 1999 मध्ये चौथ्या फेरीत एरन ब्रूक्स. तिघेही पुढे दुसऱ्या संघांचे मुख्य क्वार्टरबॅक झाले आणि हॅसलबेकने सिएटलला सुपर बोलला नेलं. तिघांच्या निवडीसाठी मिळून वुल्फ यांनी पहिल्या फेरीची एकही संधी खर्च केली नव्हती.